पायऱ्यांचे गुण

आत्या गेल्यानंतर काही आठवड्यांनी हॉस्पिसकडून, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात शेवटच्या दिवसांची काळजी घेणाऱ्या संस्थेकडून, एक जाड पाकीट आलं. आत छापील पत्र, फॉर्म आणि परत पाठवायला पत्ता घातलेलं दुसरं पाकीट. पत्राची भाषा जपून वापरलेली होती. तुमच्या दुःखात सहभागी आहोत, सवडीने भरा, नाही भरलंत तरी चालेल. मी तो त्याच संध्याकाळी भरायला घेतला, कारण टेबलावर पडून राहिला असता तर येता-जाता दिसत राहिला असता. पहिली पानं सरसर झाली. परिसर स्वच्छ होता का? नेहमी. कर्मचारी आदराने बोलत होते का? नेहमी. तुम्हाला समजेल अशा भाषेत माहिती मिळाली का? नेहमी. मग पान उलटलं आणि प्रश्न आला : रुग्णाला वेदना झाल्या तेव्हा मदत वेळेवर मिळाली का? खाली चार चौकटी. नेहमी, बहुतेकदा, कधीकधी, कधीच नाही.

पेन तिथेच अडलं.

एका रात्री मदत वेळेवर मिळाली नव्हती. एकाच रात्री. हिशेबाने पाहिलं तर 'बहुतेकदा'वर खूण करणं अगदी बरोबर होतं. पण मला दिसत होतं ते असं, की माझी खूण कुठल्यातरी तक्त्यात जाईल, कुठलातरी आकडा थोडा खाली येईल, आणि मग कुणीतरी विचारेल, त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं? त्या रात्री ड्यूटीवर जी सिस्टर होती, तिच्याइतकं आत्याजवळ कुणी बसलं नव्हतं. मीसुद्धा नाही. 'बहुतेकदा' लिहिलं तर तिच्यावर अन्याय, 'नेहमी' लिहिलं तर आत्यावर. फॉर्म बरेच दिवस तसाच राहिला आणि येता-जाता दिसत राहिला.

आत्या आयुष्यभर गणित शिकवत आली. पेपर तपासताना ती नुसतं शेवटचं उत्तर पाहून पान उलटायची नाही. उत्तर चुकलं आणि पायऱ्या बरोबर असल्या तर तिथपर्यंतचे गुण द्यायची. उत्तर बरोबर पण मधल्या पायऱ्या गायब असल्या तर समासात मोठं प्रश्नचिन्ह काढायची. लहानपणी मी तिच्या शेजारी बसून बेरजा पडताळून द्यायचे, तेव्हा अर्ध्या-अर्ध्या गुणांनी फार वैताग यायचा. फॉर्म पुढ्यात घेऊन बसले तेव्हा तेच अर्धे गुण आठवत होते. आरोग्यसेवेची प्रत कशी पारखायची याची जी मांडणी आज जगभर वापरतात, ती अवेडिस डोनाबेडियन या डॉक्टरांनी 1966 साली केली. तीन गोष्टी पाहायच्या. एक रचना, म्हणजे इमारत, माणसं, साधनं. दुसरी प्रक्रिया, म्हणजे प्रत्यक्षात काय केलं. आणि तिसरी निष्पत्ती, म्हणजे रुग्णाचं पुढे काय झालं. इतर रुग्णालयांत वजन असतं ते तिसऱ्या गोष्टीला : किती जण बरे होऊन घरी गेले, किती दगावले. हॉस्पिसमध्ये ते उत्तर बहुतेकांच्या बाबतीत आधीच फळ्यावर लिहिलेलं असतं. उरतात पायऱ्यांचे गुण. आणि त्या पायऱ्या जिच्या अंगावरून गेल्या ती व्यक्ती फॉर्म यायच्या वेळी नसते.

म्हणून फॉर्म आमच्यासारख्यांकडे येतो. अमेरिकेत 2015 पासून हॉस्पिसमधल्या मृत्यूनंतर मुख्य काळजीवाहकाला असा फॉर्म जातो आणि संस्थावार निकाल कुणालाही पाहता येतात. इंग्लंडमध्येही 2011 पासून काही वर्षं मृतांच्या नातेवाइकांचं असं राष्ट्रीय सर्वेक्षण होत होतं. यावर काम करणाऱ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसलेली आहे. नातेवाईक दिसण्याजोग्या गोष्टी बऱ्यापैकी खऱ्या सांगतात. कोण आलं, कधी आलं, काय समजावलं. वेदना, भीती, उदासी यांच्याबद्दल मात्र नातेवाइकांचं उत्तर आणि रुग्णाचं स्वतःचं उत्तर जुळेलच असं नसतं. हे वाचून मला हायसंही वाटलं आणि थोडा रागही आला. जे सगळ्यात महत्त्वाचं, त्याच प्रश्नाला आम्ही सगळ्यात कच्चे साक्षीदार.

आत्याला स्वतःला विचारण्याची सोय होती तोवर तिने उत्तरं चोख दिली. रोज सकाळी सिस्टर एक तक्ता घेऊन यायची : दुखणं, थकवा, मळमळ, झोपाळूपणा, धाप, भूक, चिंता, असं एकेक शून्य ते दहामध्ये सांगायचं. कॅनडातल्या एडमंटनच्या डॉक्टरांनी 1991 साली केलेली पट्टी ती, आता सगळीकडे वापरतात. आत्याने पहिल्याच दिवशी दुखण्याला "साडेपाच" सांगितलं. त्या दिवशीच्या सिस्टरने हसून सहा लिहिलं. दुसऱ्या दिवशी वेगळी सिस्टर होती. आत्या पुन्हा "साडेपाच" म्हणाली, आणि या मुलीने चौकटीत बसत नसतानाही बारीक अक्षरात साडेपाच लिहिलं. आत्या चष्म्यावरून बघत होती. सिस्टर गेल्यावर मला म्हणाली, "हिला माझ्यापर्यंत पोचायचंय. कालचीला तक्त्याच्या शेवटापर्यंत." आता वाटतं, सगळं मूल्यमापन आत्याने तिथेच उरकलं होतं. मी आपली नंतर चार पानांशी झटत बसले.

हॉस्पिस निवडायची वेळ आली तेव्हा मात्र ती सोबत नव्हती. तिला उठवत नव्हतं. मी एकटी हिंडले, आणि आतेभाऊ फार लांब असल्यामुळे फोनच्या पडद्यावरून माझ्याबरोबर हिंडला. प्रत्येक ठिकाणी समन्वयक बाई दाखवायच्या त्या गोष्टी ठरलेल्या असायच्या. बाग, माशांची काचपेटी, प्रार्थनेची किंवा नुसतं शांत बसायची खोली, नातेवाइकांसाठी सोफा. सगळं खरंच छान असायचं. एका ठिकाणी इतकी शांतता होती की आमच्या चपलांचा आवाज आम्हालाच खटकत होता. बाई अभिमानाने म्हणाल्या, "बघा, किती शांत आहे." आतेभावाला ते फारच आवडलं. निघता निघता एका उघड्या दारातून मला खाटेवरच्या आजोबांच्या डोक्यामागची भिंत दिसली. बोलावण्याच्या घंटीची दोरी गुंडाळी करून वर खिळ्याला अडकवली होती. झोपलेल्या माणसाचा हात तिथे पोचणं शक्यच नव्हतं. ज्या ठिकाणी शेवटी आम्ही आत्याला नेलं तिथे आम्ही असेपर्यंत घंटी सारखी वाजत होती. आतेभाऊ म्हणाला, "फार गोंगाट आहे गं." मी म्हटलं, "वाजते आहे आणि कुणीतरी जातंय, ते बघ ना." त्यावर तो काही बोलला नाही, पण त्याचं मत आत्या तिथे जाईपर्यंत बदललं नव्हतं.

वासाबद्दलही लिहायला हवं, कारण कुठल्याच फॉर्मात वासाचा प्रश्न नसतो. जंतुनाशकाचा भपकारा येत असेल तर तो कशावर तरी मारलेला असतो. काहीच वास येत नसेल तर मला जरा संशय येतो. आत्याच्या मजल्यावर सकाळी साबणाचा आणि ओल्या टॉवेलचा वास असायचा, दुपारी औषधांचा, आणि अधूनमधून माणसाच्या शरीराचा, जो थोड्या वेळात नाहीसा व्हायचा. त्या थोड्या वेळातच बरंच काही कळतं. तसंच तोंडाचं. हॉस्पिस पाहायला गेल्यावर भिंतींपेक्षा रुग्णांचे ओठ पाहावेत असं माझं आता पक्कं मत झालं आहे. गिळता येईनासं झालं की तोंड कोरडं पडतं, जिभेवर थर साचतो, ओठ चिरतात. ओल्या स्पंजच्या काडीने दिवसातून कितीतरी वेळा तोंड ओलं करावं लागतं आणि ते काम कुणाच्याही नजरेत भरत नाही. केलं नाही तर चोवीस तासांत ओठांवर दिसतं. टाचांचंही तेच, कुशी बदलल्या नाहीत की टाचा आणि माकडहाड आधी बोलतात.

आत्याला तिथे नेलं त्या दिवशी फाईल, सह्या, आधीच्या औषधांची यादी असं सगळं चाललं होतं. प्रश्न मला विचारले जात होते, आत्याला कुणी विचारत नव्हतं, हे मागच्या अनेक महिन्यांत आम्हा दोघींच्या अंगवळणी पडलं होतं. मग एक सिस्टर आली, खुर्ची ओढून आत्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसली आणि म्हणाली, "तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता?" आत्याने आधी माझ्याकडे पाहिलं. इतके स्कॅन झाले, इतके अहवाल झाले, हे कुणी विचारलं नव्हतं. "डाव्या," ती म्हणाली, "पण आता डाव्या बाजूलाच दुखतं." सिस्टरने ते लिहून घेतलं, आणि रात्री उशांचा असा काही बांध घातला की आत्या जवळजवळ डाव्या कुशीवर झोपली. त्याच दिवशी मॉर्फिनचं वेळापत्रक बसलं आणि त्याच चिठ्ठीवर पोट साफ होण्याचं औषधही लिहिलं गेलं. मॉर्फिनची गुंगी आणि मळमळ शरीर काही दिवसांत पचवतं, बद्धकोष्ठाची सवय त्याला कधीच होत नाही. हे माहीत असूनही अनेक ठिकाणी दुसरं औषध सुरू होतं ते रुग्ण कळवळायला लागल्यावर. ही दोन औषधं एकाच चिठ्ठीवर आहेत का, हे पाहायला डॉक्टर असावं लागत नाही.

आधुनिक हॉस्पिसची सुरुवात ज्यांच्यापासून धरतात त्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि मग वयाच्या तिशीत शिकून डॉक्टर. 1948 साली त्यांच्या देखरेखीतला डेव्हिड टास्मा नावाचा एक रुग्ण कर्करोगाने गेला. जाताना त्याने त्यांच्यासाठी 500 पौंड मागे ठेवले, तुमच्या घरातली एक खिडकी होईन, अशा अर्थाचं काहीतरी सांगून. त्या खिडकीभोवतीचं घर, लंडनमधलं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, उभं राहायला 1967 उजाडलं. सॉन्डर्स यांनी वेदनेकडे सगळ्या बाजूंनी पाहायला शिकवलं. शरीराचं दुखणं, मनाचं, नात्यांचं आणि पैशांचं, आणि आपण का जगलो या प्रश्नाचं, हे सगळं एकाच माणसाला एकाच वेळी दुखत असतं. दुसरी गोष्ट त्यांनी धरून ठेवली ती फार साधी. दुखायला लागण्याची वाट पाहू नका, घड्याळ पाहून औषध द्या. 1986 साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांसाठी जी पायऱ्यांची पद्धत सांगितली तिच्यातही हा घड्याळाचा नियम आहे. रुग्णाने मागितल्यावर औषध द्यायचं, तर त्याला दर वेळी आधी दुखून घ्यावं लागतं. आत्याला ही मांडणी लगेच पटली होती. "म्हणजे उदाहरण येण्याआधी सूत्र," ती म्हणाली होती.

तर ती रात्र.

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले होते आणि मॉर्फिनचा नेहमीचा डोस वाढवला होता. या नेहमीच्या डोसखेरीज मधल्या वेळी दुखणं उसळलं तर द्यायचा एक जादा डोस आधीच लिहून ठेवलेला असतो, म्हणजे सिस्टरला कुणाची वाट पाहावी लागू नये. तो साधारणपणे दिवसभराच्या एकूण मात्रेच्या एक षष्ठांशाच्या आसपास धरतात. अर्थात दिवसाची मात्रा वाढली की हाही वाढवायला हवा. त्या संध्याकाळी तो वाढवायचा राहिला. मध्यरात्रीनंतर आत्याला जाग आली ती कण्हतच. सिस्टर धावत आली, चार्ट पाहिला, लिहिलेला जादा डोस दिला. तो पुरा पडला नाही. जास्त द्यायचा तर डॉक्टरांची परवानगी हवी आणि डॉक्टरांचा फोन उचलला जात नव्हता. आत्याने चादर मुठीत घट्ट धरली होती आणि ती पाढे म्हणत होती. एकोणतीसचा पाढा, दात आवळून. सिस्टर एका हाताने फोन लावत होती आणि दुसऱ्या हाताने आत्याच्या गुडघ्यांमध्ये उशी सरकवत होती. मग तिने फोन माझ्या हातात दिला, "लावत राहा" म्हणाली, खाटेच्या कडेला बसून आत्याची पाठ खालून वर चोळत राहिली आणि पाढ्यात तिच्या मागून म्हणत राहिली. तिला एकोणतीसचा पाढा नीट येत नव्हता. आत्या त्या अवस्थेतही तिला दुरुस्त करत होती. पाऊण तास गेला असेल. मग फोन आला, डोस मिळाला, आणि हळूहळू मूठ सैल झाली. सिस्टर बाहेर गेली तेव्हा मी दारातून पाहिलं, ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे हात थरथरत होते.

सकाळी मी तक्रार करायचं ठरवून उठले होते. वाक्यंसुद्धा जुळवली होती. ती बोलायची वेळच आली नाही, कारण मोठ्या सिस्टर आपणहून आल्या. हातात चार्ट होता. त्या आधी माझ्याकडे न येता आत्याकडे गेल्या. "काल रात्री तुम्हाला जास्त वेळ दुखलं. नेहमीचा डोस वाढवला, मधला वाढवायचा राहिला. चूक आमच्याकडून झाली. आता दोन्ही बदललेत. एक बदलला की दुसरा त्याच ओळीत लिहायचा, असं आज सगळ्यांना सांगितलंय. आणि पहिल्या जादा डोसने भागलं नाही तर दुसरा द्यायला रात्री फोन लागणार नाही, तसं डॉक्टरांकडून लिहून घेतलंय." आत्या थकली होती. डोळे मिटूनच म्हणाली, "हातचा धरायचा राहिला." मोठ्या सिस्टरना क्षणभर कळलं नाही. मग त्या हसल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. माझी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. राग गेला होता असं मात्र म्हणवत नाही, त्याला फक्त उभं राहायला जागा उरली नव्हती.

डोनाबेडियन यांच्याबद्दल पुढे वाचताना कळलं की अखेरच्या आजारपणात त्यांनी एक मुलाखत दिली होती. 2000 साली ते गेले आणि मुलाखत नंतर छापून आली. आयुष्यभर रुग्णसेवेची मोजमापं शिकवणारा माणूस, स्वतः रुग्ण म्हणून खाटेवर पडून राहिल्यावर, शेवटी म्हणाला की प्रतीचं गुपित प्रेमात आहे. आरोग्यसेवेच्या परिषदांत हे वाक्य फार आवडीने सांगतात. माझं त्याच्याशी थोडं भांडण आहे. त्या रात्री प्रेमाची कमी नव्हती. ती मुलगी पाठ चोळत होती, न येणारा पाढा म्हणत होती. कमी होती ती चार्टवरच्या एका ओळीची. प्रेमाने मात्रा वाढत नाही. डोनाबेडियन पुढे असंही म्हणाले होते की प्रेम असलं तर माणूस मागे वळून व्यवस्था तपासतो आणि सुधारतो. हा भाग परिषदांत सहसा गाळतात. मोठ्या सिस्टरनी सकाळी केलं ते नेमकं हे होतं.

उलट बाजूही आहेच. 1990च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लिव्हरपूल केअर पाथवे नावाची एक कार्यपद्धती तयार झाली. हॉस्पिसमधल्या चांगल्या सवयी साध्या वॉर्डांत न्याव्यात, शेवटच्या दिवसांत काय करायचं आणि काय थांबवायचं याची यादी हाताशी असावी, असा चांगला हेतू. जिथे माणसं शिकलेली होती तिथे तिने चांगलं काम केलं. जिथे नव्हती तिथे ती खुणा करायची यादी झाली. कुणाला पाणी मिळेना, कुणाच्या घरच्यांना सांगितलंच गेलं नाही की यादी सुरू झाली आहे. ज्युलिया न्यूबर्गर यांच्या समितीने 2013 साली अहवाल दिला आणि पुढच्या वर्षभरात ही पद्धत मोडीत निघाली. अमेरिकेत आता शेवटच्या तीन दिवसांपैकी किमान दोन दिवस नर्स किंवा समाजसेविका रुग्णाकडे गेली का, हे मोजतात. काही ठिकाणी कुणी फिरकतच नव्हतं, तेव्हा मोजायला हवंच. पण मला आमच्याकडची समाजसेविका आठवते. अत्यंत गोड बोलणारी, मान एका बाजूला कलती ठेवून "आज कसं वाटतंय आपल्याला?" विचारणारी. आत्या तिला पाहताच झोपेचं सोंग घ्यायची. ती भेट मोजली गेली असती. आणि जी आयाबाई दर दोन दिवसांनी खाटेवरच, मानेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, कोमट पाण्याने आत्याचे विरळ केस धुवायची, ती त्या मोजणीत कुठेच आली नसती. केस धुताना आत्याचा जबडा सैल पडायचा आणि ती लहान मुलीसारखी तोंड किंचित उघडं टाकायची. कुठल्याही इंजेक्शनने मी तिला तसं झालेलं पाहिलं नाही. आयाबाईचं नाव फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं.

शेवटच्या दोन दिवसांत आत्या बोलत नव्हती. घशात साचलेल्या स्रावामुळे श्वासाला घरघर लागली होती. तो आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना सांगायला नको. मला खात्री होती की तिला त्रास होतोय. मी सारखी बोलवत होते, काहीतरी करा म्हणत होते. साडेपाच लिहिणारी सिस्टर आली, तिने दिवा जरा मंद केला आणि मला पाहायला शिकवलं. श्वास कसा चाललाय, कण्हणं आहे का, कपाळाला आठ्या आहेत का, हात-पाय आवळलेत का, हात लावला की शांत होतात का. बोलू न शकणाऱ्या रुग्णांसाठी अशी पाच गोष्टींची पट्टी असते, प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन. मला तेव्हा पट्टी दिसत नव्हती, मला आवाज ऐकू येत होता. "कपाळ बघा," ती म्हणाली. कपाळ सैल होतं. तिने कूस बदलून दिली, आवाज थोडा कमी झाला. मग म्हणाली, "स्राव कमी करायचं इंजेक्शन देता येईल. पण खरं सांगते, ते त्यांच्यापेक्षा तुमच्यासाठी जास्त असेल." असं कुणी बोलेल याची मी अपेक्षा केली नव्हती. लागलं मला ते. इंजेक्शन नको म्हणाले, तासाभराने हो म्हणाले. तिने काही न बोलता दिलं. त्याचा उपयोग झाला की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

अशा फॉर्मांत लोक बहुतेक भरभरून गुण देतात म्हणे. मला त्याचं नवल वाटत नाही. तिथे पोचेपर्यंत आपण इतके दमलेले असतो की कुणी खुर्ची पुढे केली तरी डोळे भरून येतात. आणि आणखी एक गोष्ट आहे, जी बोलायला जड जाते. तिथली सेवा वाईट होती असं लिहायचं म्हणजे मी माझ्या माणसाला वाईट ठिकाणी ठेवलं असं लिहायचं. कोण लिहील? 'नेहमी'वर केलेली खूण संस्थेला कमी आणि स्वतःला जास्त असते. हे लक्षात आल्यावर फॉर्म भरणं सोपं झालं. मी 'बहुतेकदा'वर खूण केली. इतर सूचनांसाठी तीन ओळी होत्या, त्या संपल्यावर समासात लिहिलं, मग मागच्या कोऱ्या बाजूला. डोसचं काय झालं ते, सिस्टरने रात्रभर काय केलं ते, सकाळी काय बदललं ते, आयाबाईचं वर्णन. या उत्तराचा आकडा करताना कृपया हे वाचावं, असं शेवटी लिहिलं. महिनाभराने आभाराचं छापील कार्ड आलं. वाचलं की नाही ते त्यावरून कळण्यासारखं नव्हतं.

मध्यंतरी एका मित्राचा फोन आला. त्याच्या वडिलांसाठी हॉस्पिस पाहायचं होतं, तू यातून गेली आहेस तर सांग म्हणाला. मला लांबलचक बोलता आलं असतं. मी एवढंच सांगितलं की त्यांनी दिलेल्या वेळेला एकदा जा आणि एकदा अंधार पडल्यावर जा, घंटीची दोरी कुठे आहे ते बघ, ओठ बघ, आणि जी कुणी रात्रपाळीला असेल तिला विचार की दुखणं उसळलं तर फोन न करता तू काय देऊ शकतेस, आणि त्याने भागलं नाही तर. दोन दिवसांनी तो पुन्हा बोलला. दोन ठिकाणी जाऊन आला होता. पहिल्या ठिकाणी सगळी उत्तरं तयार होती, आमच्याकडे अशी वेळ येतच नाही असंही सांगितलं. दुसऱ्या ठिकाणच्या सिस्टरने चार्टवरची ओळ काढून दाखवली आणि म्हणाली, एवढं देऊ शकते, त्यापुढे फोन करावा लागतो, आणि मागच्या महिन्यात एकदा तो लागायला उशीर झाला होता, म्हणून आता दुसऱ्या डॉक्टरांचा नंबरही इथे लिहिलाय. "मग?" मी विचारलं.

"मग काय," तो म्हणाला, "सोमवारी बाबांना दुसऱ्या ठिकाणी नेतोय. डाव्या कानाने ऐकू येत नाही त्यांना, ते आधी सांगून ठेवलंय."